कडू घास आणि गोड उपदेश

मराठवाड्यातल्या कोणत्याही गावी एखाद्या घरात मृत्यू घडला, म्हणजे त्या घरी कसे वागावे हे कोणास शिकवावे लागत नाही. त्या घरची चूल पेटणार नाही हे ओळखून सोयरे आणि शेजारी भाकरी-पिठले घेऊन येतात. त्या अन्नास आपण कडू घास म्हणतो. भेटावयास आलेला मनुष्य रामराम घालीत नाही, खुशाली विचारीत नाही, आणि उठताना 'येतो' असेही म्हणत नाही. तो येतो, भिंतीशी टेकून बसतो, घटकाभर खाली पाहत राहतो आणि निघून जातो. एरवी ज्याच्या वाणीस खळ नसतो असा गृहस्थही त्या ओसरीवर मितभाषी होतो. 'झाले ते झाले, आता चांगले विचार मनात आणा,' असे तेथे कोणी बोललाच, तर चार वडीलधारी माणसे त्यास दंडाला धरून बाहेर नेतील. दुःखापुढे गप्प बसणे ही आपल्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या कमावलेली विद्या होय, आणि अक्षरशत्रूसही ती अवगत आहे.

असे असता, ज्या घरी कोणी मेलेले नाही, परंतु एक जिवंत माणूस आतल्या आत विझत चालला आहे, त्या घराचा उंबरठा ओलांडताच ही विद्या आपणांस का आठवत नाही? तेथे आपल्यातला प्रत्येक जण गुरू होतो. ज्याने आयुष्यात कोणास काही शिकविले नाही तोही तेथे प्रवचन झोडतो. नैराश्याच्या आजाराने, ज्यास डॉक्टर डिप्रेशन म्हणतात त्या व्याधीने, ग्रासलेल्या माणसाशी त्याचे मित्र ज्या रीतीने वागतात, तिच्याविषयी आम्हांस आज चार कठोर शब्द लिहावयाचे आहेत. ते प्रथम आमच्या स्वतःलाच लागू पडणारे आहेत, हे आरंभीच कबूल करतो.

आमचा एक स्नेही लातुरास एका खाजगी शिकवणीवर्गात पदार्थविज्ञान शिकवितो. आम्ही पाचसहा जण एके काळी नांदेडास एका बाकावर बसत होतो. पुढे जो तो आपापल्या वाटेने गेला, परंतु संबंध तुटला नाही. (त्याच्या संमतीनेच हे लिहीत आहोत, आणि त्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) काही वर्षांपूर्वी या आनंदी गृहस्थाची झोप पहाटे तीनला मोडू लागली. जेवण तुटले. वर्गात वीस वर्षे तोंडपाठ असलेले उदाहरण फळ्यावर अर्धे राही आणि खडू हातात घेऊन तो तसाच उभा राही. घरी आल्यावर तो भिंतीकडे तोंड करून निजे. मुलीने पहिला क्रमांक आणला त्या दिवशी त्यास आनंद झाला नाही, आणि आनंद झाला नाही म्हणून आपण किती नीच बाप आहोत या विचाराने ती सारी रात्र गेली. शेवटी त्याच्या पत्नीने आम्हांस फोन केला. 'भाऊजी, तुम्ही त्यांचे मित्र आहात. तुम्ही तरी समजावून सांगा.'

आम्ही समजावून सांगितले. आमच्यातल्या वकिलाने त्यास सीमेवरच्या जवानांचे दाखले दिले. बँकेतल्या मित्राने हिशेब मांडला: स्वतःचे घर, ठरलेले वेतन, गुणी मुले, कर्ज नाही, मग उणे काय? मुख्याध्यापक झालेल्या मित्राने पहाटे उठून फिरावयास जाण्यास आणि प्राणायाम करण्यास सांगितले. एकाने तर कुलदैवताचे काही राहून गेले आहे काय, अशी पृच्छा केली. आणि आम्ही? आम्ही लेखक पडलो. आम्ही त्यास चार पानी पत्र लिहिले. त्यात संतांपासून शास्त्रज्ञांपर्यंत सर्वांना साक्षीस बोलाविले होते, आणि ते टपालात टाकताना आम्हांस स्वतःविषयी मोठे समाधान वाटले होते. त्यावर त्याचे उत्तर एका ओळीचे आले: 'पत्र छान लिहिलंयस.' त्यानंतर पाच महिने त्याने आमच्यापैकी कोणाचाही फोन उचलला नाही. 'आपण इतके केले, आता त्याचीच इच्छा नाही,' असे म्हणून आम्ही सर्वांनी हात झटकले.

नांदेड-लातूर हा तीन-साडेतीन तासांचा प्रवास. त्या पाच महिन्यांत आमच्यापैकी एकानेही एस.टी.चे तिकीट काढले नाही.

यावरून आमचे जे मत बनले ते असे, की अशा माणसास केलेला उपदेश बहुधा मदत नसतोच. तो पळ काढण्याचा एक सभ्य मार्ग असतो. समोरच्याचे ते विझलेले डोळे आपणांस पाहवत नाहीत. त्यांच्याशेजारी बसून आपल्या हाती काहीच नाही हे सोसणे आपणांस जमत नाही. म्हणून आपण त्याच्या हातात एक वाक्य ठेवतो आणि मोकळे होतो. वाक्य लागू पडले तर श्रेय आपले. न पडले तर दोष त्याच्या मनोबलाचा. उपदेशकास दोन्हीकडून लाभ असलेला असा व्यवहार दुसरा नसेल.

आता हा आजार काय आहे ते थोडे पाहू. दुःख सर्वांसच होते आणि प्रसंग सरला की तेही ओसरते. परंतु मनाची खिन्नता किंवा कशातच गोडी न वाटणे ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक काळ, बहुतेक सर्व दिवसभर टिकली. तिच्याबरोबर झोप, भूक, शक्ती, एकाग्रता बिघडली. आपण नालायक आहोत, सर्वांस भार झालो आहोत असे वाटू लागले, आणि नित्याचे काम होईनासे झाले, म्हणजे तो स्वभाव उरत नाही, व्याधी होते. बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ साली १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. त्यात दर २० प्रौढ माणसांमागे एकास आयुष्यात केव्हा ना केव्हा ही व्याधी जडलेली आढळली, आणि ती जडलेल्या १०० माणसांपैकी सुमारे ८५ जणांस उपचार मिळालेलेच नव्हते. आपले राज्य त्या बारांत नव्हते. परंतु गोदाकाठची माणसे काही निराळ्या मातीची घडली आहेत असे समजण्याचे कारण नाही.

या व्याधीचे कपट असे, की ती माणसाच्या नेमक्या त्याच शक्तीवर घाला घालते, जिच्या बळावर तो उपदेश अमलात आणणार. ज्याची उमेद आजारी आहे त्यास आपण सांगतो, उमेद धर. ज्यास गोडी वाटण्याची इंद्रियेच बधिर झाली आहेत त्यास सांगतो, जगण्यातली गोडी पाहा. लातूरकरांना हे एका दाखल्याने पटावे. २०१६ च्या उन्हाळ्यात शहराचे पाणी संपले. त्या वेळी आटलेल्या विहिरीच्या काठी उभे राहून तिला चिकाटीचे महत्त्व कोणी सांगितले नाही. मिरजेहून पाण्याची रेल्वेगाडी निघाली. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास आली आणि पुढे कित्येक आठवडे गाड्या येत राहिल्या. कोरड पडली तेथे बाहेरून आणून ओतावे लागते, ही गोष्ट विहिरीच्या बाबतीत आपणांस उमगली. माणसाच्या बाबतीत ती केव्हा उमगणार?

आमच्या या म्हणण्यावर जे आक्षेप घेतले जातात, त्यांचा परामर्श घेणे प्राप्त आहे.

पहिला आक्षेप असा, की ही सारी पोट भरलेल्यांची थेरे आहेत. कष्टकऱ्यास नैराश्य येण्यास वेळ कोठे आहे? हा आक्षेप घेणाऱ्याने आपल्याच प्रदेशाची वर्तमानपत्रे उघडून पाहावीत. २०२३ या एका वर्षात मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत एक हजारांहून अधिक शेतकऱ्यांनी स्वतःचा जीव घेतला. त्यामागे नापिकी आहे, कर्ज आहे, पडलेले भाव आहेत. आणि या प्रश्नांचे उत्तर समुपदेशन आहे असे म्हणून कोणी सरकारास मोकळे सोडू नये, हेही आम्ही येथेच बजावून ठेवतो. परंतु कर्ज एकास मोडते आणि त्याच कर्जाखालचा दुसरा तग धरतो, त्या दोहोंच्या मध्ये पुष्कळदा ही न ओळखलेली व्याधी उभी असते. मोडणारा माणूस पारावर रोज चार जणांत बसत होता. त्या चौघांनी त्याचे न बोलणे पाहिले होते. 'पुढल्या साली पिकेल की,' याखेरीज त्यांस काही सुचले नव्हते, एवढेच.

विद्यार्थ्यांची अवस्था याहून फारशी निराळी नाही. 'लातूर पॅटर्न'ची कीर्ती ऐकून, आणि तिच्या पाठोपाठ नांदेडातही शिकवणीवर्गांचा जो बाजार वाढला त्यात, खेड्यापाड्यांतून सोळा-सतरा वर्षांची मुले हजारोंनी येतात आणि भाड्याच्या खोल्यांतून दोघे-तिघे मिळून राहतात. आईबाप गावी, शिक्षकासमोर दोनशे माथी. मुलाची झोप उडाली, डबा तसाच परत जाऊ लागला, हे ज्यास दिसते असा एकच मनुष्य त्या शहरात असतो, आणि तो म्हणजे पलीकडच्या खाटेवरचा मुलगा. त्या मुलास आपण काय शिकवून पाठविले आहे? शेजाऱ्याचे गुण आपल्याहून किती अधिक, हे पाहावयास. सोबत्याच्या डोळ्यांकडे पाहावयास आपण त्यास कधी सांगितलेच नाही.

दुसरा आक्षेप धार्मिक वळणाचा आहे. भगवंतानेही विषादग्रस्त अर्जुनास खडसावलेच ना? मग आम्ही मित्रास खडसावले तर काय बिघडले? अर्जुनाचा विषाद आणि आजची ही व्याधी एकच, असे आमचे म्हणणे नाही. परंतु दाखला काढलाच आहे तर तो नीट वाचावा. गीतेचा पहिला अध्याय, ज्याचे नावच अर्जुनविषादयोग, तो मित्राचे बोलणे ऐकून घेण्याचा अध्याय आहे. अर्जुन बोलतो, हात थरथरतात, धनुष्य गळते, तो रथात खाली बसतो, आणि तोवर श्रीकृष्ण त्यास मध्येच अडवीत नाहीत. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी दोन श्लोक खडसावण्याचे येतात खरे. पण त्यांचा परिणाम काय झाला? काही नाही. अर्जुन पुन्हा तेच सांगतो, लढणार नाही म्हणतो आणि गप्प होतो. आमचे उपदेशक या दोन श्लोकांपाशीच ग्रंथ मिटतात. पुढे अध्यायांमागून अध्याय हा मित्र शंका ऐकतो, उत्तरे देतो, पुन्हा तीच शंका आली तर पुन्हा उत्तर देतो, आणि अखेरीस तुला योग्य वाटेल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्यावर सोडतो. आणि या साऱ्या वेळात घोड्यांचे लगाम त्याच्याच हाती आहेत. रथातून उतरून, 'मी सांगावयाचे ते सांगितले,' असे म्हणत तो निघून गेलेला नाही. खडसावण्याचा अधिकार ज्यास हवा असेल त्याने आधी सारथ्य पत्करावे.

तिसरा आक्षेप भीतीपोटी येतो. 'जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार मनात येतात काय, असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात भरेल.' ही समजूत साफ चुकीची आहे. सरळ शब्दांत, आपुलकीने विचारल्याने धोका वाढत नाही, असेच आजवरच्या संशोधनाने दाखविले आहे. उलट, ज्यास रात्रंदिवस त्या विचाराशी एकट्याने झुंजावे लागत होते, त्यास कोणी तरी तो शब्द उच्चारल्याने प्रथमच हायसे वाटते. आता कायद्यानेही या बाबतीत आपणांस मागे टाकले आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७, याच्या ११५ व्या कलमाने असे मानले आहे, की जीव देऊ पाहणारा मनुष्य, उलट सिद्ध न झाल्यास, तीव्र ताणाखाली असतो. त्यास शिक्षा करावयाची नसून सरकारने त्याची काळजी वाहावयाची आहे. कायद्याने दंडुका खाली ठेवला. आपली जीभ मात्र अजून 'हा पळपुटेपणा आहे' असेच म्हणत आहे.

चौथा आक्षेप सर्वांत सभ्य आहे, म्हणून सर्वांत घातकही आहे. 'आम्ही काही डॉक्टर नव्हे. हे तज्ज्ञांचे काम; मित्रांनी यात पडू नये.' औषधोपचार तज्ज्ञांनीच करावयाचे, यात वाद नाही. परंतु तज्ज्ञांच्या दारापर्यंत रुग्ण पोचतो कसा? शंभरांतील पंच्याऐंशी पोचतच नाहीत, हे वर आलेच आहे. जेथे ही वाट कोणी बांधली, तेथे ती सामान्य माणसांनीच बांधली. नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात पुण्याच्या एका संस्थेने 'आत्मीयता' नावाचा उपक्रम सुरू केला. गावातलीच माणसे शेजारपाजारच्या खचलेल्यांस ओळखतात, त्यांचे ऐकून घेतात, गरज पडल्यास दवाखान्यापर्यंत नेतात. यांतील काही कार्यकर्त्यांस दिलेले नावच मुळी 'मित्र' असे आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' हा उपक्रम झाला; त्यापूर्वी नैराश्यग्रस्तांपैकी शंभरास चार-पाच जणच उपचार घेत होते, दीड वर्षाने ती संख्या सत्तावीसपर्यंत गेली. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'संगाथ' संस्थेने मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक माणसांस शिकवून तयार केले. त्यांच्या सहा ते आठ भेटींनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांस गुण येतो, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सिद्ध झाले. आफ्रिकेतील झिंबाब्वे देशात डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ सालापासून दवाखान्याच्या आवारात साधे लाकडी बाक मांडले आणि त्यांवर वस्तीतल्या आज्या बसविल्या. दुखावलेला मनुष्य येतो, आजीशेजारी बसतो आणि बोलतो. पदवी नसली तरी चालते, परंतु शेजारी बसणे टळत नाही, हेच या सर्व प्रयोगांचे सार आहे.

येथे कोणी म्हणेल, गोव्याचे ते कार्यकर्तेही रुग्णास 'काही तरी कर' असेच सांगत होते ना? होय; पण कसे, ते पाहावे. त्यांच्या पद्धतीत माणसाबरोबर बसून, त्यास आज झेपेल अशी एकच लहान गोष्ट ठरवावयाची, आणि पुढल्या भेटीत ती झाली की नाही हे न रागावता विचारावयाचे. 'पहाटे उठून फिरत जा,' हा हुकूम झाला. 'संध्याकाळी साडेपाचला तुझ्या दाराशी येतो, आपण कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ; नको वाटले तर ओट्यावरच बसू,' ही मैत्री झाली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'कासव' या चित्रपटास २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. त्यातली जानकी त्या कोसळलेल्या तरुणास घरी आणते, पण त्याची उलटतपासणी घेत नाही. हा चित्रपट आपल्यांपैकी अनेकांनी पाहिला, डोळे पुसले, आणि घरी येऊन आपापल्या मानवास पुन्हा तेच विचारले: 'तुला कमी काय आहे?'

आता लातूरच्या मातीतल्या एका मोठ्या घटनेचे स्मरण करतो. कारण आमच्या म्हणण्याचा उरलेला अर्धा भाग तीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, झोपलेल्या अंगांवर दगडमातीच्या भिंती कोसळून आठ ते दहा हजार माणसे मेली. त्या आठवड्यात सारा महाराष्ट्र धावला. रस्ते मदतीच्या गाड्यांनी भरले. भाकरी, पांघरुणे, औषधे यांचा पूर आला. हे आपल्या समाजाचे भूषण आहे, आणि त्यास आम्ही कधीही उणे म्हणणार नाही. पुढे कॉंक्रीटची नवी गावठाणे उभी राहिली. परंतु मनोविकारतज्ज्ञ जेव्हा त्या गावांत गेले, तेव्हा त्यांस असे आढळले, की घरे मिळालेल्या अनेकांची झोप परत आलेली नव्हती. पूर ओसरला होता. कोरड तशीच होती. आपली करुणा भूकंपासारखी येते, सर्व हलवून टाकते आणि थांबते. सुतकाची मुदत दहा-तेरा दिवसांची. म्हणून आपली सांत्वनाची विद्याही तेवढ्याच मुदतीची झाली आहे. नैराश्याचा आजार महिनोन्‌महिने चालतो, बरा होतो, पुष्कळांस पुन्हा उलटतो. त्यास पहिल्या दिवशीचे शंभर मित्र नको असतात. चौथ्या महिन्यातला एक हवा असतो.

तो एक कोण होता, हे आता सांगावयाचे राहिले. आमच्या त्या स्नेह्याच्या शिकवणीवर्गात रसायनशास्त्र शिकविणारे एक सहकारी होते. फार बोलका म्हणावा असा हा गृहस्थ नव्हे; आम्ही एकदोनदा भेटलो होतो तेव्हा आम्हांस तो काहीसा रुक्षच वाटला होता. सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आमच्या मित्राकडे पडून राहिला, तेव्हा हा एके दिवशी घरी आला आणि म्हणाला, 'सर, तुमचा अर्धा गठ्ठा मी घेतो. पण इथंच बसून तपासतो, घरी लेकरं कालवा करतात.' तो रोज संध्याकाळी येऊन बसे. लाल पेनाचा आवाज एवढाच काय तो त्या खोलीत आवाज. गठ्ठा संपल्यावरही तो येत राहिला. आठव्या-दहाव्या दिवशी आमच्या मित्राने आपण होऊन तोंड उघडले. जे बोलला ते ऐकून त्या सहकाऱ्याने उपदेश केला नाही; 'जीव द्यावासा वाटतो का, सर?' असे सरळ विचारले, आणि 'होय' असे उत्तर आल्यावर त्या रात्री तो तेथेच राहिला. वहिनींस त्याने विश्वासात घेतले. दुसऱ्या दिवशी तिघे मिळून सरकारी रुग्णालयाच्या मनोविकार विभागात गेले. त्याने रांगेत उभे राहून केसपेपर काढला.

औषधांविषयीही मित्रमंडळींचे तोंड फार चालते. 'त्या गोळ्यांची सवय लागते, झोपेच्या असतात, सोडून दे,' असे सांगणारे आमच्यातही निघाले. नैराश्यावरच्या गोळ्या म्हणजे झोपेच्या गोळ्या नव्हेत आणि त्यांचे व्यसनही लागत नाही. त्यांचा गुण दिसण्यास दोन ते चार आठवडे लागतात. आरंभी मळमळ, अस्वस्थता असा थोडा त्रासही पुष्कळांस होतो. बरे वाटू लागल्यावरही त्या सहाएक महिने तरी चालू ठेवाव्या लागतात, आणि डॉक्टरांस न विचारता एकाएकी बंद करावयाच्या नसतात. याच पहिल्या पंधरवड्यात, गुण दिसत नाही आणि त्रास मात्र होतो अशा वेळी, रुग्ण गोळ्या टाकून देतो. नेमके तेव्हाच मित्राचे काम असते. आमच्या स्नेह्याचा तो सहकारी त्या पंधरवड्यात रोज रात्री नऊला फोन करी. प्रश्न एकच: 'घेतली का, सर?'

मित्राने काय करावे, याची यादी देण्याचा आमचा मानस नाही. ती दिली तर आमचेही प्रवचन होईल. एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. मित्र म्हणजे देवदूत नव्हे. धोका दिसला तर 'कोणास सांगू नकोस' हे वचन पाळू नये; घरच्यांस सांगावे, डॉक्टरांकडे न्यावे, त्यास एकटे सोडू नये. रात्री-अपरात्री काही सुचेनासे झाले तर केंद्र सरकारने २०२२ च्या ऑक्टोबरात सुरू केलेल्या टेलि-मानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. तो रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते, आणि रुग्णाप्रमाणेच गांगरलेल्या मित्रानेही तो फिरविण्यास हरकत नाही. आणि इतके करूनही एखादा मित्र हातचा गेला, तर त्याचा दोष स्वतःस लावून घेऊ नये. सर्वच आजारांत काही माणसे जातात. परंतु आपण गेलोच नाही, बसलोच नाही, हा दोष मात्र आपलाच असतो.

आमचा स्नेही आज पुन्हा फळ्यापुढे उभा आहे. मध्यंतरी आजार एकदा उलटला, पण या वेळी त्याने तो लवकर ओळखला. बरे झाल्यावर आम्ही त्यास भीतभीत विचारले, त्या पत्राने काहीच आधार वाटला नाही काय? तो बराच वेळ विचार करून म्हणाला, 'पेपर हाती आला आणि एकही उत्तर येईना, असं वाटलं. मग ठरवलं की तुला तरी नापास झालेलं दाखवायचं नाही.'

कुरुंदकरांच्या नांदेडात वाढलेल्या आम्हांस युक्तिवादाचे मोठे कौतुक. सभा जिंकता येते म्हणून मित्रही जिंकता येईल, असा आमचा भ्रम होता. त्या चार पानांनी आमचा मित्र आमच्यापासून पाच महिने दूर गेला, आणि ते पाच महिने अखेरचे ठरू शकले असते. ते ठरले नाहीत याचे श्रेय आमच्याकडे नाही. सुशिक्षित कुटुंबांतील आमच्या वाचकांस एवढेच विनवितो, की ज्याचा फोन हल्ली लागत नाही, ज्याने मंडळीत येणे सोडले आहे, ज्याच्याविषयी 'त्याचे काही खरे नाही' असे आपण परस्परांत बोलतो, असा एक तरी मनुष्य आपणां प्रत्येकाच्या ओळखीत आहे. त्यास सुविचार पाठवू नका. डबा घेऊन जा, भिंतीशी टेकून बसा, आणि पुढल्या आठवड्यात पुन्हा जा. कडू घास देणे आपणांस येते. तो माणूस जिवंत असतानाच देण्यास शिकू या.